आज घसरलात का?

मी चौक गावातल्या एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर काम करते. जुन्या हायवेवरचं दुकान आहे, त्यामुळे आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतं ते डोकेदुखीचं, पित्ताचं आणि जखमेवर बांधायचं. बँडेजची रिळं आणि मलमाच्या ट्यूबा मी न बघता काढून देते. एका गिऱ्हाइकाला देताना मात्र माझा हात अडखळायचा. तो माणूस कुबड्या काउंटरला टेकवून उभा राहायचा. पँटचा एक पाय गुडघ्याखाली दुमडून सेफ्टी पिनेनं टाचलेला असायचा. साखरेचा आजार असणार, असं मी धरून चालले होते. एकदा ड्रेसिंगचं सामान पिशवीत टाकताना तो स्वतःहूनच म्हणाला, "शुगर नाय वो ताई. बिडी."

त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडला नाही. कारण त्याच आठवड्यात आईनं माहेरून, कडावहून फोनवर सांगितलं होतं की बाबांच्या चिखल्या अजून गेल्या नाहीत.

चिखल्या आमच्याकडे सगळ्यांनाच होतात. पावसाळाभर गुडघाभर चिखलात उभं राहिलं की पायाच्या बोटांची बेचकं पांढरी पडतात, सडतात, आग होते. मग मेंदीचा पाला वाटून लावायचा, हळद-खोबरेल लावायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरायचं. पाऊस गेला की चिखल्या जातात. त्या वर्षी पाऊस गेला, भात कापून झालं, शेतं वाळून त्यांना भेगा पडल्या, तरी बाबांच्या डाव्या पायाच्या चिखल्या ओल्याच राहिल्या. करंगळीशेजारचं बोट पिकलेल्या जांभळाच्या रंगाचं झालं होतं. आई म्हणायची, लागलं असेल कुठंतरी. बाबा तर काहीच म्हणायचे नाहीत. शेतावरून येताना ते उंबराखाली थांबायला लागले होते, आणि कुणी विचारलं तर वर झाडाकडे बघायचे. बाबा झाडं बघत उभे राहणारे नव्हेत. पोटरीत गोळा येत होता आणि तो उतरेपर्यंत ते थांबत होते, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं.

आपल्याला ठाऊक असतं तेव्हाच खरी भीती वाटते. आईला ठाऊक नव्हतं, ती निवांत होती. मला तो सेफ्टी पिनेचा पाय ठाऊक होता. मी रजा टाकली, कडावला गेले आणि बाबांना जवळजवळ ढकलतच कर्जतला नेलं. तिथल्या हॉस्पिटलात पायाच्या नसांचे डॉक्टर ठरावीक वारी यायचे.

डॉक्टरांनी बोट पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दिवसाला किती बंडलं?"

बाबांनी खरं सांगितलं. बाबा नेहमी खरंच सांगतात, हा त्यांचा गुण म्हणून गावात सांगितला जातो आणि घरात त्याचा ताप होतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून ओढतो, हेही त्यांनी न विचारता सांगून टाकलं.

"औषधं मी देतो," डॉक्टर म्हणाले, "पण बिडी सुटली नाही तर ती पालथ्या घड्यावर पाणी. बिडीनं पायाच्या नसा आवळत चालल्यात. आधी बोट जाईल, मग पाऊल. त्याच्या वर कुठं थांबेल ते मी आज सांगू शकत नाही."

बाबांनी मान डोलावली. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. शेतावर जायचं तर बांधावरून जावं लागतं, आणि बांध हातभर रुंदीचा. दूध काढायचं तर उकिडवं बसावं लागतं. कुबड्या टेकायला चिखलात जागा नसते. एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

आता बिडी सोडवायची कशी? निकोटीनचं च्युइंगम आमच्या दुकानात मिळतं. ते कोण घेतं तेही मी बघते, गाडीतून उतरणारी माणसं घेतात. महिनोन् महिने ते चघळायचं म्हटलं तर शेतकऱ्याला बिडीच स्वस्त. तरी मी एक पाकीट आणून दिलं. बाबांनी एक वडी तोंडात टाकली, लगेच थुंकली आणि म्हणाले की मुंगळा चावला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आई पुटपुटली, आणि मी तिच्यावर एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण डोकावली. मरणाची भाषा मला तेव्हा म्हणीतसुद्धा चालत नव्हती.

मार्ग सुचवला तो हॉस्पिटलातल्या एका मुलीनं. व्यसन सोडणाऱ्यांशी बोलणं हे तिचं काम. ती म्हणाली, फोनवरून एक कार्यक्रम चालतो, फुकट आहे, फक्त टचफोन पाहिजे. रोज सकाळी एक बाई बोलेल, तिचा आवाज आधीच रेकॉर्ड केलेला असतो. दिवसा तलफ आली की लाल बटण दाबायचं, मग ती बाई तलफ जाईपर्यंत सोबत करेल. आणि संध्याकाळी एक प्रश्न येईल. होय किंवा नाही, एवढंच दाबायचं. उत्तर घरातल्या एका माणसाच्या फोनवर जाईल. त्या माणसाला कार्यक्रमात साथीदार म्हणतात. साथीदार मी झाले.

"प्रश्न असेल, आज घसरलात का," ती मुलगी म्हणाली. "घसरणं म्हणजे पुन्हा एखादी ओढणं. मुद्दाम तसा शब्द ठेवलाय, म्हणजे माणसाला गुन्हा केल्यासारखं वाटत नाही."

मला ते आवडलं होतं. त्या वेळी बाबा आतल्या खोलीत होते. घोट्याला पट्टा बांधून त्यांच्या पायाचा रक्तदाब मोजत होते. ते लंगडत बाहेर आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना एवढंच सांगितलं, "फोनवर बाई जे विचारेल त्याचं खरं उत्तर द्यायचं. लपवलंत तर नुकसान तुमच्या पायाचं."

फोन माझ्या नवऱ्याचा जुना, आधीच दिलेला होता. बाबा त्यावर कुस्त्या बघायचे. आता त्यात एक बाई राहायला आली. सकाळी तिचा आवाज आला की बाबा फोन कानाला न लावता समोर धरायचे आणि मान हलवून "बरं बाय" म्हणायचे. तिचं मराठी पुस्तकातलं होतं, तेही बहुतेक दुसऱ्या भाषेतून ओढून आणलेलं. "आपले ट्रिगर ओळखा," ती एकदा म्हणाली. बाबांनी मला फोन करून विचारलं, "बंदुकीचा घोडा म्हन्ते का काय ही?" पण दीर्घ श्वास घ्या, पाणी प्या, हाताला काम द्या, हे सगळं त्यांनी ऐकलं. शेतावर तलफ आली की लाल बटण दाबून ते बांधावर बसायचे, आणि मोकळ्या शेतात ती बाई बोलत राहायची. आई म्हणायची, "माजी सवत आली बग फोनातनं. माजं कवा एवडं आयकलं नाय."

सोडताना हाल झालेच. ते चिडायचे, घाम यायचा, ताट सरकवून उठायचे. एकदोनदा आईनं त्यांना रिकाम्या काडेपेटीचा वास घेताना पाहिलं. पण संध्याकाळी माझ्या फोनवर उत्तर यायचं ते "नाही". दिवेलागणीला दुकानात गर्दी असते. कंपनीची पाळी सुटलेली असते, लोक चिठ्ठ्या पुढे करतात, आणि माझं लक्ष गल्ल्याशेजारच्या फोनकडे. तो थरथरला की हातातली चिठ्ठी तशीच ठेवून मी आधी तो उचलायची. "नाही" वाचलं की मी पुढच्या गिऱ्हाइकाशी गोड बोलायची. मालक म्हणायचे, हिचा स्वभाव संध्याकाळी बदलतो.

मोठी अडचण आली ती म्हशीची. दोन म्हशींतली म्हातारी पान्हा सोडेना. बाबांची रीत अशी होती की गोठ्यात शिरताना बिडी पेटवायची, ती ओठांत धरूनच कासेला पाणी मारायचं आणि मग दूध काढायचं. म्हशीनं इतकी वर्षं तो वास घेतला होता. आता बाबा बिनवासाचे जाऊन बसायचे आणि म्हैस पाय झाडायची. "तिलाबी सोडवाया पायजे," आई फोनवर हसत म्हणाली. मीही हसले. तिचं दूध निम्म्यावर आलंय, हे त्या हसण्यात माझ्या लक्षात राहिलं नाही.

उन्हाळा असाच गेला. बोटाचा रंग उतरला नव्हता, पण वाढलाही नव्हता. डॉक्टर म्हणाले, चाललंय ते बरं चाललंय. मग पाऊस लागला, पेरलेली रोपं वर आली, लावणी सुरू झाली. आणि एका संध्याकाळी माझ्या फोनवर आलं, "होय."

मी ते तीनदा वाचलं. समोरच्या बाईला तापाच्या गोळ्यांऐवजी खोकल्याचं औषध दिलं, तिनंच ते परत केलं. स्वतःला समजावलं की एखादी होते, त्या मुलीनं सांगितलंच होतं, रागावू नका. दुसऱ्या दिवशी "नाही" आलं. मग पुन्हा "होय". मग लागोपाठ "होय". माझ्या डोळ्यांसमोर सेफ्टी पीन यायला लागली. मी रस्त्यावरच्या माणसांचे पाय मोजायला लागले. शेवटी राहवेना, म्हणून दुकानामागच्या बोळात जाऊन बाबांना फोन लावला.

"बाबा, घसरलात?"

"व्हय गं," बाबा म्हणाले. आवाजात लाजेचा लवलेश नाही. "आज जरा जास्तच."

"जास्त म्हंजी?"

"दोन-तीन येळा झालं असंल. पावसात व्हतंच."

"पावसात व्हतंच?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई नव्हती का संगती?"

"व्हती की. हसली."

"आई हसली?"

"मंग काय रडंल? तीबी काल घसरली."

मी फोन बंद केला. आई ओढते, हे मला खरंच क्षणभर पटलं. भीतीनं माणसाची अक्कल किती पातळ होते ते मी त्या बोळात पाहिलं. कोसळत्या पावसात मी कर्जतची टमटम पकडली, तिथून कडावची. वाटेत मनात भांडण तयार करत गेले. एवढी औषधं, एवढे हेलपाटे, आणि हा माणूस पावसात व्हतंच म्हणतो. रडू येत होतं, म्हणून मी राग धरून बसले होते. रागानं निदान ताठ बसता येतं.

घरात कुणी नव्हतं. मी मागे गोठ्याकडे वळले आणि दारातच थबकले. बिडीचा वास. ओल्या हवेत तो जमिनीलगत बसला होता, ताजा. मी आत गेले. म्हातारी म्हैस डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती, तिच्या कासेखाली बाबा बसले होते, चरवीत धार लागली होती, आणि शेजारी आई पेटलेली बिडी उदबत्तीसारखी दोन बोटांत धरून म्हशीच्या नाकासमोर ओवाळत होती.

"हे काय चाललंय?" मी म्हणाले.

"हळू बोल," आई म्हणाली, "पान्हा चोरंल."

मी हळू बोलले नाही. जे तोंडाला आलं ते बोलले. एकमेकांना साथ देऊन ओढता, वर म्हशीचं नाव सांगता, पाय गेला म्हणजे म्हैस येणार आहे का उचलायला, असलं सगळं. ती बिडी आईच्या हातातून घेऊन मी शेणात खुपसली. म्हशीनं पाय झाडला आणि चरवी कलंडली. बाबा उठले. भिंतीला हात लावून उठले, हे मी पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

"मी कुटं वढली?" बाबा म्हणाले. "होळीपासनं तोंडाला लावली नाय. तुज्या आईला इचार."

"मंग रोज होय कशाला दाबता?"

"घसरतो म्हनून दाबतो."

"तेच की."

"काय तेच? घसरतो गं. पायानं." त्यांनी धोतर वर केलं. गुडघा सोललेला होता, त्याच्याखाली आदल्या दिवसाची खपली, नडगीवर आणखी जुनी. "बाई इचारते, आज घसरलात का. पायाचा डाक्टर, मंग त्याची बाई पायाचंच इचारनार. डाक्टर म्हनला, खरं सांगा. मी खरं सांगतो."

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग मीही हसले. हसता हसता त्या ओल्या गोठ्यात मटकन खाली बसले. बाबांनी ओढली नव्हती. एवढे दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं, आणि मी त्या पुस्तकी बाईला, तिच्या शब्दाला आणि तो शब्द घडवणाऱ्याला मनसोक्त शिव्या दिल्या. आमच्याकडे पावसाळ्यात दारात आलेल्या माणसाला पाण्याच्या आधी विचारतात, घसरलास का. त्याचा दुसरा अर्थ आम्हाला सुचणार कसा?

आईनं चहा टाकला. बाबा ओट्यावर बसून पाय धूत होते. त्यांच्या पायात एकच चप्पल होती, उजवी.

"दुसरी कुठाय?" मी विचारलं.

"ऱ्हायली असंल बांधावर. चिखलात रुतली आसंल. घरी आल्यावर बगतो तर नाय."

"घरी आल्यावर?"

बाबा पायावर पाणी ओतत राहिले. माझ्या हातात कप होता, तो मी खाली ठेवला. माणसाच्या पायातली चप्पल निघते, बांधावरचे दगडगोटे, काटे, खेकड्यांची बिळं तुडवत तो घरापर्यंत येतो, आणि चप्पल नाही हे त्याला डोळ्यांनी बघून कळतं. ज्या बांधावर बाबा लहानपणापासून अंधारातसुद्धा चालले, त्याच बांधावर ते या वर्षी रोज घसरत होते. पाऊस दरवर्षीचाच होता.

मी त्यांच्यासमोर बसले आणि डावा पाय मांडीवर घेतला. पाय गार होता, पाण्यानं झाला असेल असं मी स्वतःला सांगितलं. मी अंगठा दाबला. "कळतंय?"

"कळतंय की," बाबा म्हणाले. पण उत्तर द्यायच्या आधी त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं होतं.

"डोळे मिटा."

"कशाला गं?"

"मिटा तुमी."

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या तळव्यावर बोटं टेकवली, आधी हलकी, मग जोरात. नखसुद्धा रुतवलं. बाबा शांत बसून होते, लहान मूल खेळात बसतं तसे. आई चहाचं भांडं धरून चुलीपाशीच उभी राहिली.

"लाव की मंग हात," बाबा म्हणाले.

माझा हात लागलेलाच होता.

आईच्या ते लक्षात आलं. तिनं भांडं खाली ठेवलं आणि ती मागल्या दारानं बाहेर गेली. बाबांनी डोळे उघडले, माझं बोट कुठं आहे ते पाहिलं, आणि धोतर पायावर ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कर्जतला होतो. करंगळीशेजारचं बोट काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आतून काळं पडत होतं, आणखी उशीर झाला असता तर बोटावर भागलं नसतं. हेही म्हणाले, की इतके महिने बिडी बंद नसती तर आज पावलाची गोष्ट झाली असती. पायाची जाणीव कितपत परत येईल ते सांगता येत नाही. रोज तळवा बघायचा, चप्पल बांधून घालायची, घसरले तर लगेच कळवायचं. आणि म्हशीच्या बिडीचं ऐकून ते आईवर चिडले. धूर तो धूर, कुणाच्याही हातातला असो. आईनं मान खाली घालून ऐकलं आणि घरी आल्यावर बाबांचा जुना, बिडीच्या वासाचा शर्ट अंगात घालून दूध काढायला बसली. म्हैस फसली. पुढे शर्टाचा वास गेला तरी ती दूध देत राहिली, म्हणजे तिचीही सुटली म्हणायची.

हॉस्पिटलातल्या त्या मुलीला मी घसरण्याची सगळी गोष्ट सांगितली. ती आधी हसली, मग गंभीर झाली आणि म्हणाली की वर कळवते. तिनं खरंच कळवलं. काही दिवसांनी प्रश्न बदलला. आता यायचं, आज बिडी किंवा सिगारेट ओढलीत का? सरळ, स्वच्छ प्रश्न. दुकानात कुणी बिडीवाला खोकत आला की मी आता त्याला त्या कार्यक्रमाचं सांगते, फोन काढून जोडूनही देते. खर्च नाही, कुठं जायला नको, आणि बाई रागावत नाही. बायकोपेक्षा बरी, असं एक ड्रायव्हर मला म्हणाला.

बाबांना मात्र नवा प्रश्न आवडला नाही. ते "नाही" दाबायचे, पण नाराजीनं. मला म्हणाले, "पायाचं इचारायचं बंद केलं बाईनं."

म्हणून ते मी विचारायला लागले. गणपतीच्या सुमारास कार्यक्रम संपला, बाईनं अभिनंदन केलं आणि ती गप्प झाली. लाल बटण अजून आहे, पण बाबा ते दाबत नाहीत. तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी दुकानातून फोन करते आणि विचारते, बाबा, आज घसरलात का? पहिल्या दिवशी बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "तोंडानं नाय, पायानं नाय." ते त्यांना इतकं आवडलं की तेच उत्तर ठरून गेलं. रोज तेच, त्याच चालीवर, आरतीचं धृपद म्हणावं तसं. मी तेवढं ऐकते आणि फोन ठेवते. कुणी म्हणेल, एवढ्यासाठी रोज फोन कशाला. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. आणि मला उत्तराच्या त्या दोन तुकड्यांची इतकी सवय झाली होती की दुसरा ऐकून झाल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

दिवाळी गेली, भात झोडून झालं. कुबड्यांवाला माणूस अधूनमधून येतो, आता आम्ही एकमेकांच्या घरचं विचारतो. त्याला मी बाबांचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "नशीबवान हायेत. त्यांना इचारनारं कोन तरी हाय." मी त्याच्या ड्रेसिंगचं सामान पिशवीत टाकलं. नशिबाचं नाव घेतलं की मला भीती वाटते.

परवा संध्याकाळी पाळी सुटली होती, काउंटरवर चार-पाच माणसं होती. मी एका हातानं औषधं काढत होते आणि खांद्यानं फोन कानाशी दाबून धरला होता. पलीकडे म्हैस रेकत होती. आई कुणाला तरी हाक मारत होती.

"बाबा, आज घसरलात का?"

उत्तराला उशीर झाला. मला वाटलं, रेंज गेली.

"तोंडानं नाय," बाबा म्हणाले.

मी औषधाची पट्टी हातात धरून थांबले. समोरच्या माणसानं चिठ्ठी पुढे केली, ती मी घेतली नाही.

"बाबा?"

"तोंडानं नाय गं," ते पुन्हा म्हणाले. "तेवडं खरं हाय."